खिंडीचा उतार आणि वाकडी फळी

आमच्या गावात उतार नव्हता. यात रडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण चार बेरिंगा हाती लागलेल्या बारा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा. रेवसच्या अलीकडे, खाडीकाठाला आमचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि दोन्ही इतकी सपाट की सांडलेलं पाणीसुद्धा कुठे जावं ते न कळून जागच्या जागी बसून राही.

बेरिंगा काकानं आणल्या होत्या. तो मिठाचा ट्रक चालवायचा. ट्रकच्या झिजलेल्या चार बेरिंगा त्यानं आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "खेला." बेरिंगा चुलतभावाच्या आणि डोकं माझं, असा आमचा करार झाला. तो मी एकटीनंच केला होता. चुलतभाऊ माझ्याहून वर्षानं लहान, त्यामुळे त्याचं मत विचारण्याची पद्धत नव्हती.

दोन आडवी दांडकी, दांडक्यांच्या टोकांना बेरिंगा आणि वर साबणाच्या खोक्याचं झाकण, अशी आमची गाडी. गावातली इतर मुलं असल्या गाडीवर बसत. मी उभी राहायची. हातभर रुंदीच्या बांधावरून डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चालणाऱ्या पोरीला झाकणावर उभं राहण्याचं काय कौतुक? कौतुक नव्हतं खरं, पण ते सगळ्यांनी करावं अशी माझी इच्छा मात्र होती.

उताराचा शोध वैशाखात सुरू झाला. शाळेला सुट्टी होती. सकाळभर मिठागरात राबून झालं की दुपारनंतर आम्ही मोकळे.

पहिली जागा मिठागराचाच मोठा बांध. खाडीच्या बाजूला तो पुरुषभर उंच होता. चुलतभाऊ आधी बसला, कारण पडणार कोण हे मला माहीत होतं. मऊ मातीत बेरिंगा रुतल्या, गाडी जागीच थांबली आणि चुलतभाऊ एकटाच पुढे गेला. गुडघे फुटले आणि फुटलेल्या गुडघ्यांनी तो खारं पाणी साठवलेल्या मिठाच्या कोंडीत जाऊन बसला. जखमेवर मीठ चोळणे हे आम्ही शाळेत शिकलो होतो, तो ते प्रत्यक्ष करून बसला. त्याची बोंब ऐकून अर्धं मिठागर गोळा झालं. "बांधच वाकडा हाय," असं तो रडत सांगत होता. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." आईनं आधी मला धपाटा दिला आणि मग त्याचे गुडघे धुतले.

दुसरी जागा रेवसचा धक्का. तिथे लाँचकडे जाणारा दगडी उतार होता, गुळगुळीत आणि सरळ. गुळगुळीत का होता, याचा विचार आम्ही केला नाही. ओहोटीच्या वेळी खालच्या निम्म्या उतारावर हिरवं शेवाळ असतं. मी उभी राहून सुटले, शेवाळापर्यंत राणीसारखी गेले आणि तिथून पुढे पाठीवर गेले. वाटेत मुंबईला निघालेल्या एका म्हाताऱ्याची कोंबड्यांची टोपली आली. कोंबड्या वाचल्या. झाकण दोन तुकडे होऊन खाडीत गेलं. लाँच सुटेपर्यंत तो म्हातारा धक्क्यावरून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता.

आणि तिसरी जागा मला तिथून परत येताना सापडली. नेमकी तेव्हा, जेव्हा गाडीला फळीच उरली नव्हती.

गाव आणि धक्का यांच्या मधे एक टेकडी आहे. तिच्यातून खिंड फोडून सरकारनं नुकताच डांबरी रस्ता केला होता. त्या रस्त्यावरून मी त्या वर्षी शंभरदा चालले असेन, पण पायांनी चालणाऱ्याला उतार दिसत नाही, फक्त चढ दिसतो. त्या दिवशी माथ्यावर थांबून मी एक बेरिंग जमिनीवर ठेवली आणि सोडली. ती गेली. वळण घेऊन दिसेनाशी झाली तरी तिचा खरखर आवाज येतच होता. आम्ही दोघं तिच्यामागे धावलो, ती अगदी खाली कोळीवाड्याच्या वळणावर सापडली. मला इतका आनंद झाला की मी चुलतभावाला मिठी मारली. तो घाबरला.

मग आम्ही त्या रस्त्याचा अभ्यास केला. एसटी दिवसातून दोनदाच. बैलगाड्या सकाळी. भर दुपारी डांबर मऊ होऊन बेरिंगा चिकटत, म्हणून ऊन कलल्यावरच जायचं. सगळं जमलं, फक्त फळी नव्हती.

फळी कोळीवाड्याच्या मागे मिळाली. आता हे नीट सांगायला हवं, कारण चोरी केली असं पुढे पुष्कळांनी म्हटलं आणि मला त्याचा अजून राग आहे. पावसाळ्याआधी ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पलीकडे, दोन दगडांवर ती आडवी पडली होती. पुरुषभर लांब, मधे छान बाक आलेला, आणि त्या बाकावर एक मोठा धोंडा. आमच्या मिठागरात मीठ ओढायच्या फावड्याची फळी सरळच लागते. तिला जरा बाक आला की ती चुलीत जाते. मिठागरवाल्यांच्या घरात वाकडी फळी म्हणजे सरपण, हे मी चालायला लागल्यापासून बघत आले होते. त्यामुळे या कोळ्यांची फळी फुकट गेली, त्यांनी धोंडा ठेवून ती सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही म्हणून टाकून दिली, असं मी चुलतभावाला समजावून सांगितलं. त्याला पटलं. त्याला माझं सगळंच पटायचं.

काकाची सळई चुलीत लाल करून मी फळीला पुढच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं. त्यातून बोल्ट घालून पुढचं दांडकं बसवलं, म्हणजे गाडी वळवता येई. मागचं सुंभानं करकचून बांधलं. आणि काय गाडी झाली ती! त्या बाकामुळे फळी पायाखाली जराशी दबायची आणि परत उचलायची. तीन दिवस मी खिंडीतून उभी राहून खाली आले. परकर कमरेला खोचलेला, हात पसरलेले, बेरिंगांचा आवाज असा की वाटेतली कुत्री शेतात पळत.

चौथ्या दिवशी वळणावर समोरून दोन माणसं येताना दिसली. मी ओरडले, "बाजूला व्हा!" ती बाजूला झाली, मी बांधाच्या गवतात शिरले आणि गाडी त्यांच्या पायाशी जाऊन थांबली. एक होता कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल, होडीचा मालक आणि सुकाणू धरणाराही तोच. दुसरा त्याचा सुतार. तीन दिवस ते एक फळी शोधत होते.

सुतारानं गाडी उलटी केली. भोक बघितलं. त्यात बोट घालून बघितलं. मग तो रस्त्यातच खाली बसला.

"आठ दिस शेकलीय ही," तो म्हणाला. "जाळावर धरायची, पानी मारायचं, धोंडा ठेवायचा. तवा कुठं बाक आला. आन् ह्या पोरीनं..." पुढचं तो बोलला नाही. होडीला सरळ फळी कुठेच लागत नाही, तिचं सगळं अंगच वाकडं असतं, हे मला बाराव्या वर्षी, गवतात बसून, पहिल्यांदा कळलं. माझ्या पाचावर धारण बसली.

संध्याकाळी वडील मला घेऊन कोळीवाड्यात गेले. जाताना "वाकडी फली उघड्यावर टाकली तं पोर उचलनारच" असं मोठ्यानं म्हणत गेले आणि तिथे पोचल्यावर मान खाली घालून उभे राहिले. आमच्याकडचं लाकूड देतो, म्हणाले. सुतार म्हणाला, तसलं लाकूड दिवाळीशिवाय मिळायचं नाही. म्हणजे नारळी पुनवेला सगळ्या होड्या पाण्यात उतरतील आणि तांडेलाची वाळूवरच राहील. त्याच्या होडीवर पाच घरं जेवत.

तांडेलानं विचारलं, "भोक बुजवून चालंल?"

"लाकडाची खुंटी ठोकतो. कापूस आन् राळ भरतो."

"टिकंल?"

"टिकंल," सुतार म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "बहुतेक."

वडिलांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, फिटंफाट झाली असती. पण ते "बहुतेक" माझ्याबरोबर घरी आलं आणि राहिलं. नारळी पुनवेला वाजतगाजत होड्या उतरल्या, तांडेलाचीही उतरली. सगळा गाव किनाऱ्यावर होता आणि मी एकटी घरात पोटात दुखतंय म्हणून झोपले होते. खरंच दुखत होतं.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी खिंडीच्या माथ्यावर जाऊ लागले. तिथून खाडीचं तोंड दिसतं. तांडेलाच्या शिडाला मधोमध गडद ठिगळ होतं. ते दिसलं की मी घरी जायची. चुलतभाऊ बेरिंगा घेऊन मागे यायचा. "नवी फली आनू का?" मी त्याला दगड मारायची.

आश्विनात एका दुपारी आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. चारच्या सुमारास एकेक होडी परतली. ठिगळाचं शीड आलं नाही. मी पावसात उभी होते. थोड्या वेळानं तांडेलाची बायको रिकामी टोपली घेऊन चढ चढून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे नाही. मग माझ्यानं राहवलं नाही.

"मावशी, ते भोक मी पाडलंय."

"म्हाईत हाय गो."

"पानी आलं असंल का त्यातून?"

"आलं तं आमच्या धन्याला पयलं कळंल," ती म्हणाली. "फळी म्होरं बसवायची व्हती, पोरं बसतात तिकडं. त्यानं सुताराला सांगितलं, परत शेक, न् मागं लाव, माझ्या पायाशी."

मी परकराची कड तोंडात कोंबून रडले. मावशीनं टोपली माझ्या डोक्यावर उलटी धरली, म्हणजे पाऊस तरी लागू नये.

ठिगळ दिसलं तेव्हा अजून थोडा उजेड होता. आम्ही दोघी धावतच खाली गेलो. होडी वाळूला लागली. मी गुडघाभर पाण्यात शिरून मागच्या बाजूला गेले. आत घोटाभर पाणी साचलं होतं.

"हे पावसाचं की खालचं?" मी विचारलं.

"मीठवाल्याची पोर ना तू? चाखून बघ," तांडेल म्हणाला.

मी बोट बुडवून चाखलं. खारट होतं. माझ्या तोंडाचा रंग उडालेला बघून तो आणि त्याची पोरं इतकी हसली की दोर हातातून सुटला. "मासळीच्या होडीत गोड पानी कुठनं येनार, येडे?" त्यानं पाय बाजूला घेतला आणि खुंटी दाखवली. काळी, घट्ट, राळेनं माखलेली. मी तिच्यावर अंगठा दाबून धरला. जरासुद्धा हलली नाही.

"तांडेलबाबा, मग ही फळी तुमच्या पायाशी कशाला लावली?" माझा आवाज चढला होता. राग कुणाचा आला होता, मलाच समजत नव्हतं.

तो आता हसत नव्हता. "मंग कुनाच्या पायाशी लावायची?" म्हणाला, आणि माझ्या हातात दोराचं टोक दिलं. सगळ्यांबरोबर मीही होडी ओढली.