मे महिन्यात सीपीयूला पांघरूण

आमच्या घरातला कॉम्प्युटर बायकोचा. मी त्याची धूळ पुसायची आणि पुसताना काही दाबायचं नाही, एवढाच माझा संबंध. ती टॉवेलांची डिझाइनं करते, कारखानदार ती मागावर चढवतात. त्या दिवशी संध्याकाळी एक कारखानदार यायचे होते. लग्नाच्या आहेराच्या टॉवेलांची मोठी ऑर्डर होती, काठाला मोर. मोर तयार होते, पण कॉम्प्युटरच्या पोटात. संध्याकाळी ते हातात पडले नाहीत तर ऑर्डर दुसरीकडं जाणार होती.

दुपारी जेवून बायको आतल्या खोलीत पडली. जाता जाता म्हणाली, "त्याला हात लावू नका हं."

आता असं बजावल्यावर कुणाचा हात गप्प बसेल? पडद्यावर कधीपासून पाटी येत होती, तुमची सिस्टिम जुनी झालीय, नवी घ्या म्हणून. म्हटलं, ती उठेपर्यंत नवीकोरी करून ठेवू, कौतुक होईल. दाबलं.

थोड्याच वेळात सीपीयूच्या डब्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला. आता ही उठणार! मी कपाटातली जाड चादर काढली आणि डब्याला गळ्यापर्यंत गुंडाळली. आवाज बसला. टक्के झरझर वाढत निम्म्याच्या पुढं गेले, आणि पडदा काळाठिक्कर.

मेहुणा कुर्डुवाडीला रेल्वेत आहे. कॉम्प्युटरचं त्याला कळतं, असं निदान तो म्हणतो. त्याला फोन लावला.

"दाजी, कुजबुजताय का?"

"ताई झोपलीय तुझी."

"तिला न सांगता केलंय? मग मेलाच की तुमी!"

त्याच्या सांगण्यावरून मी चादर काढली, झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली. सुरू झालं! गिरणीही सुरू झाली. या वेळी चादरीची दुहेरी घडी घातली. परत निम्म्यावर काळोख.

"पंख्याचा आवाज येतोय का, दाजी?"

"अजिबात नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग पंखाच गेलाय."

चादरीचं मी त्याला बोललो नाही. लपवायचं म्हणून नव्हे. चादरीचा कॉम्प्युटरशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या खेपेला वरून उशीही ठेवली.

एवढी सगळी शांतता राखली, आणि पडदा परत काळा झाल्यावर चादर जरा बाजूला सारून उघडायला घेतलेलं झाकण हातातून सुटून फरशीवर पडलं. बायको दारात.

"अहो, थंडी वाजतीय का त्याला? चादर कशाला घातलीय?"

"चादर?" फोनमधून मेहुणा ओरडला. "कसली चादर? काढा आधी! भाजून निघालं असंल ते! ताई, मी न्हाय गं सांगितलं!"

बायकोनं दोनच शब्द विचारले. "माझे मोर?"

मी उशी आणि चादर काढून बाजूला ठेवली.

आतल्या खोलीतला कूलर तिनं ओढत आणला, पाणी न घालता डब्याकडं तोंड करून लावला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, जुनी सिस्टिम परत आणतोय, थांबा. आम्ही घाम पुसत थांबलो. तेवढ्यात कारखानदार आले. त्यांनाही घाम फुटला.

"वहिनी, कूलर तिकडं का लावलाय हो?"

"त्याला बरं न्हाय."

त्यांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि रुमालानं वारा घेत बसले.

अखेर जुना पडदा उजळला. बायकोनं फाइल उघडली. मोर रांगेत उभे होते, पिसंसुद्धा जागच्या जागी. तिनं ते पेनड्राइव्हवर घेतले, कारखानदारांच्या हातात ठेवले, मगच तिचे खांदे खाली आले.

कारखानदार खूश झाले. उठता उठता म्हणाले, "आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बी सारखा बंद पडतोय. तुमच्या बघण्यात कुणी जाणकार हाय का?"

मी घसा खाकरला आणि खुर्ची पुढं सरकवली.

"न्हाय हो," बायको म्हणाली. "आमच्यात कुणीच न्हाय."