यांचा फोटो काढ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाच्या पायाला भिंगरी होती आणि हातालाही. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलायचा. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा विकत घेतला, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. जो फोटो काढावा तो हललेला. मांजराला दोन शेपट्या, मेहुण्याला तीन कान. कोपरं छातीला टेकवा, श्वास धरा आणि मग बोट दाबा, असं सांगून सांगून कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला थकला होता.

पण आता चालढकल चालणार नव्हती. आई उद्या सकाळी ताईकडे निघणार होती, कायमची. इथे करमत नाही, एवढंच ती म्हणायची; कारण विचारलं की गप्प. घरात तिचा एकटीचा फोटो एकही नव्हता. सगळ्यांत ती कडेला, अर्धीमुर्धी, कुणाचं तरी पोर सांभाळत. एक तरी धड फोटो मागे राहावा म्हणून हा दुपारपासून घरभर येरझाऱ्या घालत होता.

शेवटी त्याने तिला तिच्याच खोलीत खुर्चीवर बसवलं. वर वडिलांचा फोटो होता. ते गेल्यावर यानेच हौसेने मोठा करून लावलेला, मिशीसकट.

"आधी यांचा फोटो काढ," आई म्हणाली.

याला भरून आलं. स्टुलावर चढून त्याने वडिलांचे चार-पाच फोटो काढले. काचेत दिवा आला, स्वतःचं नाक आलं. तो पुन्हा नेम धरू लागला.

"अरे, काढ म्हणजे खाली काढ," आई म्हणाली. "जन्मभर यांच्या धाकात बसले. आता झोपतानाही तेच डोळे वर."

तो स्टुलावर तसाच उभा राहिला. वडील तापट होते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण आईला अजून धास्ती वाटत असेल हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने फोटो उतरवला आणि बाहेरच्या कपाटावर नेऊन ठेवला.

परत आला तेव्हा आई पाय पसरून, खांदे सैल सोडून बसली होती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याने कोपरं छातीला टेकवली, श्वास धरला आणि बोट दाबलं. फोटो लख्ख आला.

चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला.

"बरी दिसते की मी," ती म्हणाली. मग रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तो परत लावणार नसशील, तर ताईला फोन कर. सांग, आई येत नाही."