उकळती आमटी

आज माझ्या प्लास्टिकच्या डब्यांच्या दुकानात एक गरोदर बाई आली. तिने एका डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि भाव न विचारताच निघून गेली. घासाघीस करणाऱ्याशी निदान भांडता येतं. न बोलता जाणाऱ्याशी काय करायचं?

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला सातवा महिना लागला. तिची आई नाही, म्हणून तिच्या डोहाळ्यांची आमटी मीच रांधली आणि उकळतीच माझ्या दुकानातल्या डब्यात भरून नेली. तिने ती मोरीत ओतली.

"बाबा, बाळाची वाढ आधीच कमी आहे. गरम अन्नात प्लास्टिकमधली रसायनं उतरतात, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"याच डब्यांवर तू मोठी झालीस!" मी ओरडलो.

"म्हणून तर भीती वाटते."

तेव्हापासून तिचा फोन नाही. माझा राग अजून गेलेला नाही. फुटपाथवरून उभा केलेला धंदा आहे हा. पण आजची ती बाई गेल्यावर एक विचार मनात राहिला. मी जन्मात कुणाचा पहिला भाव मान्य केला नाही. पोटातल्या जिवाला मात्र नको म्हणायची सोय नसते, येईल ते घ्यावं लागतं.

संध्याकाळी स्टीलचा डबा आणला. आमटी शिजते आहे. मुलगी दार उघडेल का, ठाऊक नाही.