बाभळीवरचं वेटोळं

"थांबा, आंग पाहू द्या हिचं," असं म्हणून आमची शेतशेजारीण कोणाचीही वायर दोन बोटांच्या चिमटीत धरायची. पोरगी पाहायला आल्यासारखी. मग निकाल द्यायची, "बारीक हाये. दमते." तिचा नवरा विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात बसून ती शिकली. शिकली ते शिकली, वर मिरवायची.

तिचं शेत मोताळ्याच्या रस्त्याला, आमच्या बांधाला लागून. तिच्या विहिरीवर मनगटाएवढी धार पडायची. आमची मोटार नुसती कण्हायची. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. वांग्यांची काळजी होतीच, पण आमचे मालक बांधावर उभे राहून तिच्या पाण्याकडे पाहत राहायचे, ते मला सोसत नव्हतं. मी चौथी शिकलेली, तीही चौथीच. मी गावभर सांगितलं, ती आमचा करंट ओढते.

तिच्या कानावर गेलं. ती तडक आमच्या शेतात आली. विजेच्या खांबापाशी आमची जास्तीची वायर वेटोळं करून बाभळीला टांगलेली होती. तुमच्याकडेही असेल. नवी वायर कोणी कापतं का?

"हे काऊन टांगलं वो बाई?"

"उरली म्हणून. तुले काय करा लागते?"

"करंटाले या साऱ्या वेटोळ्यातून फिरून या लागते. एवढी लांब, त्यात आंगानं बारीक. मोटारीपाशी येईस्तोवर त्याचा जीवच जाते. म्या कायले ओढू?"

"वायर माही हाये. कापाची नाई."

"तुमी बी तशाच. सरळ बोलत नाई, वेटोळे घालता."

मालक हसले. तिथेच माझं डोकं फिरलं.

मी बाजाराला गेल्याचं पाहून मालकांनी तिला बोलावलं. मी परत आले तर बाभळ मोकळी. कापलेला तुकडा पुरला तिथपर्यंत तिने मोटारीकडे जाणाऱ्या वायरीला जोडीने बांधला होता. "दोन बारक्या मिळून एक जाड झाली," ती मला ऐकवत होती. सरीतून पाणी धावत होतं. मालक चपला हातात घेऊन त्यात उभे होते.

"वैनी, मानलं तुमाले!" ते तिला म्हणाले.

वांगी वाचली. त्यातलं एकही मी तिच्या घरी पाठवलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. मी रडले नाही, खोटं कशाला सांगू. मयतीहून परतताना मालक म्हणाले, "लय हुशार बाई होती."

मी विचारलं, "अन् मी?"

ते चालता चालता थांबले. जरा विचार करून म्हणाले, "तू त घरचीच हायेस."