ज्ञानोबा मापाडी पेट्ट्यात जातात

समुद्रकाठी जायचं, लांबलचक खुर्चीत पाय पसरून पडायचं आणि आजूबाजूला माणूस नाही म्हणून खूश व्हायचं, याला हल्ली सुट्टी म्हणतात. लातूरजवळच्या मुरुडच्या ज्ञानोबा मापाड्यांना अशाच एका सुट्टीवर आणून बसवलं होतं. श्रीलंकेतलं निगोंबो गाव, हॉटेलची हिरवळ, पुढे वाळू, त्याच्यापुढे समुद्र. नाश्ता झाल्यापासून ज्ञानोबा त्या खुर्चीत ताठ बसून होते. पडायच्या खुर्चीत ताठ बसणं सोपं नसतं, पण त्यांनी ते जमवलं होतं.

“काय दिसतंय?” त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला, नागुबाईंना, विचारलं.

“पाणी हाय.”

“अजून?”

“अजून काय असणार? पाणीच हाय सगळं.”

“काल बी पाणीच व्हतं,” ज्ञानोबा म्हणाले.

मागे उभी राहून प्रियदर्शनी हे ऐकत होती. ही त्यांची एकुलती एक लेक. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली, आता पुण्यात नोकरी. आठ दिवसांची ही सहल तिनेच आखली होती. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला एकदा हात जोडायचे ही बापाची जन्माची इच्छा. ती पुरी झाली होती. तिथल्या रांगेत सगळे पांढऱ्या कपड्यांत, कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. नागुबाई पांढरं लुगडं नेसून त्यांच्यात अशा मिसळल्या की एका बाईने त्यांच्याशी सिंहलीत गप्पाच सुरू केल्या. ज्ञानोबांनी कठड्याला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. प्रियदर्शनीला वाटलं, आपण जे करायला आलो ते झालं.

आता शेवटचा दिवस उरला होता. सहलीच्या कागदावर त्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘कोलंबो, पेट्टा बाजार, अर्धा दिवस’. प्रियदर्शनीने आदल्या संध्याकाळी त्यावर पेनाने काट मारली होती. पेट्टा म्हणजे कोलंबोतला जुना बाजार. अरुंद गल्ल्या, हातगाड्या, रिक्षा, पोती वाहणारे हमाल, आणि त्यांच्यामधून फोटो काढत फिरणारे जगभरचे प्रवासी. फोनवर लोकांनी लिहून ठेवलं होतं की गर्दीत जीव गुदमरतो, वयस्कर माणसांना नेऊ नका. अशी मतं लिहिणाऱ्यांची मोठी मौज असते. आपण स्वतः जाऊन गर्दीत भर घालायची आणि मग गर्दी फार म्हणून नाक मुरडायचं. पण प्रियदर्शनीला ते वाचून बरंच वाटलं होतं. तिला नाही म्हणायला कारण हवं होतं, ते मिळालं.

कारण तिचा बाप आंधळा होता. आणि अडीच वर्षांपूर्वी लातूरच्या बसस्टँडवर, तिच्या हातातून त्याचा हात सुटला होता.

ज्ञानोबांबद्दल सांगायचं तर आधी मोंढ्याबद्दल सांगावं लागेल. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. ज्ञानोबांचे वडील मुरुडच्या मोंढ्यात झाडू मारायचे. सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं, पण राशीला हात लावायचा नाही, असा न बोलता पाळलेला नियम होता. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, पण मोंढ्याच्या डोक्यात ते शिरायला पुढे कितीतरी वर्षं गेली. त्याच मोंढ्यात ज्ञानोबांनी बाविसाव्या वर्षी मापाड्याचा परवाना काढला. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्याने सांगायचं, पोती मोजायची, हे मापाड्याचं काम. पहिल्या हंगामात चार शेतकऱ्यांनी माल दुसऱ्याकडून मापून घेतला. पाचवा औशाकडचा होता. तो म्हणाला, “मला सोयरीक करायची न्हाई, माप करायचंय. धर काटा.”

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ज्ञानोबांनी काटा धरला. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मापाड्यांची रीत. ज्ञानोबांचा ‘लाभ’ चार आडतींच्या, म्हणजे दलालांच्या दुकानांच्या, पलीकडे ऐकू जायचा. सोयाबीनच्या राशीत कोपरापर्यंत हात घालून ते ओल सांगायचे, आणि पुढे ओल मोजायची मशीन आली तेव्हा आडत्यांनी आधी मशीन बरोबर आहे का ते ज्ञानोबांच्या हाताशी ताडून बघितलं. ज्यांच्या बापांनी त्यांच्या हातचं माप नाकारलं होतं, ती पोरं पुढे गाडी घेऊन तास तास थांबायची. विचारलं तर म्हणायची, ज्ञानोबाचं माप होऊ द्या. प्रियदर्शनीला हे सगळं ठाऊक होतं, कारण तिची शाळेची, कॉलेजची सगळी वर्षं त्या काट्यावर निघाली होती. बापाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नव्हती.

मग काचबिंदूने डोळे नेले. एक आधी, दुसरा वर्षभराने. तरीही ज्ञानोबा कुणाच्या खांद्याला धरून मोंढ्यात जात होते. नांदेडच्या डॉक्टरांना दाखवून परत येताना लातूरच्या स्टँडवर मुरुडची गाडी लागली, माणसं दाराकडे धावली, आणि त्या रेट्यात ज्ञानोबा पडले. मनगट मोडलं. माणसांच्या पायांमध्ये बाप आडवा पडलेला प्रियदर्शनीने पाहिला. त्या दिवसापासून ज्ञानोबांचं जग म्हणजे घराचा ओटा. मोंढा बंद, आठवडी बाजार बंद, लग्नात गेले तरी कोपऱ्यातली खुर्ची. लेकीने तसं बजावलं होतं आणि ज्ञानोबांनी एका शब्दानेही वाद घातला नव्हता.

आता समुद्राकडे तोंड करून बसलेल्या बापापुढे ती येऊन बसली.

“बाबा, कंटाळा येतोय का?”

“न्हाई. गार वारा हाय. चांगलं हाय.”

“खरं सांगा.”

“त्या कागदावर बाजार हाय म्हणालतीस. प्येठ.”

“पेट्टा. तिथं लई गर्दी असते बाबा. मी रद्द केलं.”

“गर्दी असती म्हणूनच इचारून राहिलो,” ज्ञानोबा म्हणाले. “हितं मला काय कळत न्हाई बघ. एकच आवाज, एकच वास. हितं मी खरा आंधळा हाय. बाजारात कुठं मिरच्या हायत, कुठं गूळ हाय, कोण भांडतंय, कुणाच्या डोक्यावर वज्जं हाय, समदं कळतं.”

“आणि पडलात म्हणजे?”

“पडलो तर उठीन.”

“मागच्या वेळी उठला नव्हता. मी उचललं होतं तुम्हाला.” प्रियदर्शनीचा आवाज चढला. “माझ्या हातातून तुमचा हात सुटला, बाबा. परत ते माझ्याच्यानं होणार नाही.”

नागुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता तरी सांगा की तिला.”

ज्ञानोबा खाली मान घालून बोलले. “तुझ्या हातून सुटला न्हाई. म्या सोडवून घेतला. मोंढ्यातला एक जण मागून म्हणाला, काय मापाडी, लेकीचं बोट धरून चाललाव का. लाज वाटली. हात काढून घेतला आन् एकटाच दाराकडं निघालो.”

“मग अडीच वर्षं का नाही सांगितलं?”

“तू दवाखान्यात लई रडलीस. तवा सांगायचं धाडस झालं न्हाई. पुन्हा रोजच लांबत गेलं.” ते थांबले. “चूक माझी व्हती. तिची सजा दोघं भोगून राहिलोत.”

प्रियदर्शनीला आधी राग आला. खराखुरा, कान तापवणारा राग. अडीच वर्षं तिने ते ओझं वागवलं होतं. ती उठून वाळूपर्यंत गेली, तिथे उभी राहिली. तिथून तिने वळून पाहिलं तर बाप तसाच ताठ बसलेला होता, बोलावणं येईल म्हणून तयार बसतात तसा. ज्या माणसाने भर मोंढ्यात कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, त्याने आत्ता तिच्यापुढे घातली होती. तिचा राग तिथेच उतरला. तिने सहलीच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला.

पेट्ट्याच्या तोंडाशी गाडीतून उतरल्या उतरल्या ज्ञानोबांचा चेहरा बदलला. नागुबाई नंतर मुरुडमध्ये सांगायच्या की डोळे असतानाही त्यांनी नवऱ्याला इतकं टकामका बघताना पाहिलं नव्हतं. हॉर्न, हातगाड्यांचा खडखडाट, सुक्या मासळीचा आणि मिरचीचा एकत्र वास. प्रियदर्शनीने त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

“तसं नगं,” ज्ञानोबा म्हणाले. “तू मागं ऱ्हा. माझ्या खांद्यावर हात ठिव. मोंढ्यात असंच चालत्यात.”

“तुम्ही पुढे? तुम्हाला दिसत नाही बाबा.”

“तू मागून खांदा दाब. डावीकडं तर डावा, उजवीकडं तर उजवा. थांबायचं असलं तर दोन्ही.”

असं चौघांचं लटांबर निघालं. पुढे काठी घेऊन ज्ञानोबा, मागे लेक, तिच्या ओढणीचं टोक धरून नागुबाई, आणि सगळ्यात मागे हसू दाबत ड्रायव्हर. पन्नास पावलं गेल्यावर समोरून हातगाडी आली तेव्हा ज्ञानोबांनी छातीतून हाक काढली, “बाजू, बाजू! वज्जं हाय!” ही मोंढ्यातल्या हमालाची हाक. तिथे मराठीचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, पण गल्ली दुभंगली. गाडीवाल्यानेही गाडी कडेला घेतली.

“बाबा, ओझं कुठंय आपल्याकडं?”

“तुम्ही दोघी हाव की,” ज्ञानोबा म्हणाले. दोघी रस्त्यातच हसत सुटल्या.

धान्याच्या गल्लीत शिरल्याचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते आपणहून थांबले, काठी पायाशी टेकवली आणि उघड्या पोत्यात सरळ कोपरापर्यंत हात घातला. दुकानाचा मालक, उंच म्हातारा तमिळ माणूस, ओरडत बाहेर आला. प्रियदर्शनी घाईघाईने माफी मागायला लागली, ड्रायव्हर मध्ये पडला. ज्ञानोबांनी मात्र मसुरीचा एक दाणा दाताखाली फोडला आणि निकाल दिला, “वल्ली हाय. मालाला ऊन द्या म्हणावं.”

ड्रायव्हरने ते प्रियदर्शनीकडून मोडक्या हिंदीत समजून घेतलं आणि मालकाला सांगितलं. मालक आधी चिडला, मग त्याला हसू फुटलं. त्याने सांगितलं की माल चांगला सुका आहे, पण समुद्र पलीकडच्या रस्त्यावर आहे, इथे सुका मालही हाताला दमट लागतो. कोरड्या गावचा माणूस दिसतोय हा.

पंचेचाळीस वर्षांत ज्ञानोबांचा हात असा उघडपणे चुकला नव्हता. आता बाप खट्टू होणार आणि सगळा दिवस वाया जाणार, असं प्रियदर्शनीला वाटलं. पण ज्ञानोबा खूश झाले. “आस्सं व्हय,” ते म्हणाले, “हितली हवा धरायची ऱ्हायली की.” त्यांनी मालकाची परवानगी मागितली, या वेळी रीतसर हात जोडून. मग ओळीने चार पोत्यांत हात घातला, दाणे चोळले, चावले, पुन्हा पहिल्या पोत्याकडे आले. शेवटी तिसऱ्या पोत्यावर थाप मारली. “चारीमध्ये ह्ये सगळ्यात सुकं. आता बरोबर हाय का इचार.”

मालकाने तिसऱ्या पोत्यात स्वतःचा हात घातला, मग चौथ्यात. ड्रायव्हरला काही विचारण्याची गरज उरली नाही. म्हाताऱ्याने आतून स्टूल आणवलं, चहा आणवला आणि ज्ञानोबांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन त्याचे घट्टे बोटांनी चाचपून बघितले. दोघेही आपापल्या भाषेत बोलत राहिले आणि दोघांचं काही अडलं नाही. नागुबाई पदराने डोळे पुसत होत्या. लेकीने पाहिलं तेव्हा म्हणाल्या, मिरचीची खाट डोळ्यांत गेली.

बहात्तराव्या वर्षी, परक्या बेटावर, डोळ्यांशिवाय, चुकलेल्या हाताला दहा मिनिटांत नव्याने शिकवणारा माणूस आपला बाप आहे. आणि आपण त्याला खुर्चीत बसवून ठेवला, याची प्रियदर्शनीला मनापासून लाज वाटली.

परतीची गल्ली आणखी भरलेली होती. सगळ्या बाजूंनी माणसं रेटत होती. ज्ञानोबा पुढे, काठी जमिनीलगत, मान किंचित तिरकी, प्रत्येक आवाजाला अंग चोरत किंवा पुढे होत चालले होते. प्रियदर्शनीच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी पावलांत तिने खांदा एकदाही दाबलेला नाही. तिचा हात तिथे नुसता ठेवलेला होता. मग तिने तो हात हळूच उचलून घेतला.

ज्ञानोबा चालत राहिले. एक पाऊल, दोन, चार. एका हमालाला त्यांनी वाट दिली, एका रिक्षाच्या बाजूने वळले. लेक दोन हात मागे होती, जीव मुठीत धरून.

“हात काढलास व्हय?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“हाव, बाबा.”

“मग ऱ्हाऊ दे तसाच,” ज्ञानोबा म्हणाले आणि गर्दीत पुढे गेले.