एका दिवसाचा खाडा

भाडेकरूला इतका घाबरणारा आणि त्याच भाडेकरूवर इतका जीव लावणारा माणूस आमच्या बोईसरच्या घरमालक काकांखेरीज उभ्या पालघर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी सांगलीकडचा. तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी बोईसरजवळ सालवडला त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आलो. पहिल्या भेटीत काकांनी माझा पगार विचारला नाही की जात विचारली नाही. एवढंच विचारलं, "गावाला तुमचं सोताचं घर हाय ना?" आहे म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. "मंग बरं. ज्याला जायाला जागा हाय, तो जातो," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

'भटाला दिली ओसरी' ही म्हण आपण बोलण्यापुरती वापरतो, काका तिच्यावर संसार चालवत. अकरा महिन्यांच्या करारातलं प्रत्येक कलम ते मोठ्यानं वाचत आणि थांबून मला, बायकोला आणि मुलीला वेगवेगळं विचारत, "समजलं?" एकदा मुलगी सातव्या कलमाला झोपून गेली, तर तिला उठवून उरलेली कलमं ऐकवली. 'भाडेकरू' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती, कारण भाडेकरूला हक्क असतात. आम्ही परवानाधारक. बाजारातही ते "हे आमचे परवानाधारक" अशीच माझी ओळख करून देत, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक मासेवाली कित्येक दिवस मला दारूच्या दुकानाचा मालक समजत होती. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर हातोडी घेऊन ते स्वतः येत. "खिळा मालकाचा, फोटो तुमचा." तुळस जमिनीत लावायची नाही, कुंडीत चालेल, कारण कुंडी उचलता येते. पण ती कुंडी आणून दिली त्यांनीच, आणि आम्ही गावाला गेलो की तिला पाणी घालायलाही तेच येत.

या सगळ्यावर कळस म्हणजे खाडा. दुधाचा खाडा असतो, कामवालीचा असतो, तसा आमच्या घराचाही. करार संपला की नवा करार व्हायच्या आधी एक दिवस घर पूर्ण रिकामं करायचं. पूर्ण म्हणजे चमचासुद्धा मागे ठेवायचा नाही. सामान कुठे न्यायचं? तर वीस पावलांवर त्यांच्याच घरात. कपाट, गॅस, पिंपं, गाद्या, सगळं वाजतगाजत त्यांच्या पडवीत जाई. शेजारच्या चाळीतली कारखान्यातली मुलं हात लावायला येत. त्यातल्या एकानं दरवर्षी न चुकता म्हणावं, "अंकल, कल तो ये अलमारी वापस ही आनी है ना?" आणि काकांनी त्याला उत्तर द्यावं, "कल की बात कल. आज जगा खाली."

त्या दिवशी आम्ही त्यांचे पाहुणे. काका पहाटेच दांडीला जाऊन ताजी पापलेटं आणत, काकी तांदळाच्या भाकऱ्या थापत, आणि आम्हाला पाट मांडून जेवायला वाढत. मुलीला तर दिवाळीपेक्षा खाडा मोठा वाटे. काका मात्र जेवून उठले की चटई काखेत मारून आमच्या रिकाम्या घरात एकटेच झोपायला जात. ताबा घेणं म्हणत ते याला. सकाळी आम्ही दाराशी गेलो की आम्हाला जन्मात पाहिलं नसल्यासारखा चेहरा करून विचारत, "नाव काय तुमचं?" मी सांगे. "माणसं किती?" मुलगी तीन बोटं दाखवी. मग हातावर नारळ, मग किल्ली.

असे तीन खाडे झाले. तिसऱ्यानंतर काकी गेल्या. त्यांचा मुलगा वसईला, त्याचा संसार तिकडे. काका एकटेच राहिले, आणि चौथा खाडा आला.

मी तेव्हा सलग रात्रपाळ्या करून पिचलो होतो, नवा फ्रीज घेतला होता, मुलीची परीक्षा होती. कारणं काय, पायलीची पन्नास मिळतात. करार करून देणाऱ्या एजंटानं मला सांगितलं होतं, की नोंदणी केलेला करार असला की असल्या खाड्याला कायद्यात काही अर्थ नाही. सकाळी काका बोलवायला आले तेव्हा मी त्यांना तेच ऐकवलं. वर म्हणालो, "काका, आमच्यावर विश्वास नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

काका जरा वेळ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "नाय, कायदा तुमच्या बाजूनं हाय," एवढं म्हणाले आणि गेले. दुपारी मुलगी त्यांच्याकडून खेळून आली. म्हणाली, "बाबा, आजोबांनी चार पाट मांडून ठेवलेत. मासे पण आणलेत." मला जायला हवं होतं. मी कूस बदलून झोपलो. संध्याकाळी दाराबाहेर कालवणाचा डबा ठेवलेला होता.

पुढे चार महिन्यांनी पालघरला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. टेम्पो भरून उभा होता. मी किल्ली द्यायला गेलो तेव्हा काकांनी मला बसवलं आणि कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. केळव्याजवळच्या माहीमला त्यांचे वडील पानमळ्याची वाडी कुळानं करत. कुळकायद्यानं ती वाडी वडिलांच्या नावावर झाली. मूळ मालक म्हातारा होता, वाडीतल्या नारळी त्यानं स्वतः लावलेल्या. त्यानं भांडण केलं नाही. एक दिवस वाडीत राहू द्या, मग कधी येणार नाही, एवढंच मागितलं.

"बाप घाबरला," काका म्हणाले. "एक दिस राह्यला तर ताबा जाईल, आसं त्याला कुणीतरी भरवलेलं. म्हातारा कुंपणाभायेर उभा राहून बगत होता. मी तवा सात वर्साचा. बापाचं चुकलं आसं नाय म्हणत मी. कायदा त्याच्या बाजूनं होता. पन एक दिस द्यायला पायजे होता."

मी म्हणालो, "काका, टेम्पो पुढे जाऊ दे. आज आम्ही राहतो." ते हसले. "आता कशाला? किल्ली तर दिलीत तुमी. आता सवडीनं या, पावणे म्हणून." बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. रविवारी येतो, असं सांगून मी निघालो.

रविवार पुष्कळ आले. पालघर ते सालवड अंतर ते काय, पण मला जमलं नाही. खरं म्हणजे त्या पाटांची लाज वाटत होती. काका गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मुलानं दोन्ही घरं विकून टाकली होती.

मागच्या महिन्यात कामासाठी सालवडला गेलो होतो, तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले. आमच्या खोल्यांना नवा रंग दिला आहे आणि भोवती तारेचं कुंपण घातलं आहे. कुंपणाबाहेर उभा राहून मी बराच वेळ बघत राहिलो. आतून एक बाई बाहेर आल्या. "कोण पाहिजे? नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं, आणि सवयीनं पुढच्या प्रश्नाची वाट बघत तसाच उभा राहिलो.