उपाशी गाडीचे मिस्तरी

गारखेड्यापासून चिकलठाण्यापर्यंत त्यांना सगळे ‘उपाशी मिस्तरी’ म्हणत. माणूस मात्र चांगला खाणारा, अंगानं भरलेला होता. नाव पडलं ते त्यांच्या एका अटीमुळे. ऑटोमॅटिक गाडी दाखवायला कुणी आलं की ते आधी बॉनेटवर पालथा हात ठेवत आणि म्हणत, “ही जेवून आलीय. उद्या उपाशी बघू.” रात्रभर उभी राहून पार थंड झालेली गाडीच ते तपासत. गरम गाडी खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. जुन्या गाड्यांचे दलाल त्यांच्यावर खार खाऊन असत, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी अर्धा तास फिरवून आणायची, ही त्यांची रीत मिस्तरींपुढे चालत नसे.

आम्ही अशीच जेवलेली गाडी घेतली होती. मी स्वतः गाडी चालवत नाही. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, आणि रस्त्याची मला कायमच भीती वाटत आली. माझी पत्नी सुनंदा चिकलठाण्याच्या एका शाळेत शिकवते. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय अधू आहे. क्लच नसलेली गाडी तिला चालवता येते, हे कळायला वयाचं पंचेचाळिसावं वर्ष उजाडलं. त्यानंतर सहा वर्षं वापरलेली एक उंच एसयूव्ही आम्ही घेतली, आणि कुणाची वाट न बघता घराबाहेर पडणं म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा समजलं.

खोड सकाळचीच होती. आमचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं. गाडी मागे घेत रस्त्यावर आडवी आणायची आणि मग पुढचा गिअर टाकून निघायचं. दांडा पुढच्या गिअरवर यायचा, इंजिन चालू असायचं, पण गाडी जागची हलायची नाही. तीन-चार सेकंदांनी अंगाला हिसका बसायचा आणि ती निघायची. दुपारी शाळेतून निघताना मात्र काही नाही. एका सकाळी गाडी अशीच आडवी उभी असताना उतारावरून पाण्याचा टँकर आला. मी फाटकाशी उभा होतो. टँकर सुनंदाच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरच्या शिव्या संपेपर्यंत ती स्टिअरिंग धरून बसली होती. मग गाडी आत लावली आणि रिक्षानं शाळेत गेली.

दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनीही अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं, आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मेहुण्यांनी विकून टाका म्हटलं. सुनंदा म्हणाली, “विकणाऱ्यानं मला ही खोड सांगितली नाही. मी ती न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात घालणार नाही. आणि अशी चालवणारही नाही.” म्हणजे गाडी फाटकाच्या आत आणि ती पुन्हा रिक्षाची वाट बघत रस्त्यावर. तीन महिने तसेच गेले. मग शाळेच्या शिपायानं मिस्तरींचं नाव सांगितलं.

टँकरची हकीकत ऐकून त्यांनी गाडी एक रात्र आपल्या चिकलठाण्याच्या गॅरेजात मुक्कामाला ठेवून घेतली आणि सकाळी सहाला आम्हा दोघांना बोलावलं. चाकांना पुढून-मागून विटा लावलेल्या होत्या. गाडीच्या पोटातून एक नळी काढून तिला तेलाचा दाब दाखवणारं मीटर जोडलं होतं. “बाई, तुम्हीच बसा,” ते म्हणाले. “तुमची गाडी तुमच्या हातानं जशी वागती तशी मला बघायचीय. पाय ब्रेकवरून काढू नका. मी म्हनलो तरी काढू नका.”

त्यांचं काम बघणाऱ्याला बोलायची मनाई होती. तिनं गाडी सुरू करून दांडा पुढे ओढला. मिस्तरी मीटरवर वाकून हळू आवाजात मोजत होते. एक. दोन. तीन. काटा तळाशी थरथरत पडून होता. चारला तो एकदम उठला आणि गाडीला हिसका बसला. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं, मग पुन्हा. इंजिन तापलं तसा वेळ कमी होत गेला आणि शेवटी दांडा हलताच गाडी गिअर धरू लागली. चालू इंजिनवरच त्यांनी तेलाची पट्टी काढून पाहिली. पातळी बरोबर होती. पट्टी नाकाशी नेऊन म्हणाले, “जळका वास नाय. आतल्या प्लेटी चांगल्या हायेत. काटा थरथरतो म्हंजी पंप तेलासंगं हवा वढतोय. थंड, घट्ट तेल वढताना जास्ती.”

“म्हणजे गिअरबॉक्स गेलेला नाही?” सुनंदानं विचारलं.

“खालचा तेलाचा चेंबर उघडल्याबिगर मी व्हयबी म्हनत नाय आन् नायबी म्हनत नाय.”

गाडी निवल्यावर ते खाली शिरले आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही. पान्याचाही नाही. मी वाकून पाहिलं. ते उताणे पडून एका बोल्टकडे बघत होते. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. स्वतः आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ते तसा ठिपका देत, म्हणजे नंतर कुणी हात घातला तर कळावं. चेंबरच्या सगळ्या बोल्टांवर ठिपके होते आणि एकही मोडलेला नव्हता.

चेंबर उतरला, तेल गळून गेलं. फिल्टर जिथं बसतो त्या तोंडात त्यांनी बोट घातलं, आकड्यानं काहीतरी ओढलं आणि बाहेर येऊन तळहात आमच्यापुढे धरला. दोन काळी रबरी कडी होती. एक जुनं, कडक झालेलं. एक त्यामानानं नवं.

“जुनं सील काढून नवं घालायचं असतं,” ते म्हणाले. “ह्यात जुनं तसंच ठिवून वरून नवं दाबलंय. फिल्टर पुरता बसलाच नाय, तिथून हवा शिरत व्हती. आन् हे काम माझं हाय. तुमच्या आधीच्या मालकानं माझ्याकडं आनली असंल. मी वळखली नाय.”

त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला आयुष्यात कळलं नसतं. सुनंदानं त्यांतलं जुनं कडं उचललं. “तीन महिने रिक्षा शोधतेय मी, मिस्तरी,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शाळेतली मुलं त्या आवाजाला घाबरतात.

“त्या टँकरखाली गेला असता बाई, तर मला कळलंबी नसतं,” मिस्तरी म्हणाले. “मी इथं चहा पीत बसलो असतो.”

मला ते ऐकवेना. “चुका होतात हो,” मी म्हटलं.

“चूक व्हती हे मलाबी ठावं हाय, सर. आनखी कोनाकोनाच्या गाडीत झाली, ते ठावं नाय.”

तेव्हा कळलं की ते काम केलं त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन नंतर झालं, पण तेव्हा ते पुढे ढकलत होते आणि काम बोटांनी चाचपून करत होते. काळ्या तोंडातलं काळं कडं बोटाला लागलं, ते त्यांना तोंडाची कडा वाटलं. पुढचे दोन महिने त्यांनी नवी कामं घेतली नाहीत. त्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले, गाड्या परत बोलावल्या, चेंबर उघडून दाखवले. आणखी दोन गाड्यांत तेच निघालं. एक दलाल गावभर सांगत सुटला की म्हातारा हातातून गेला. मिस्तरींच्या कानावर ते आलं तेव्हा म्हणाले, “खरंच बोलतोय की तो.” त्यानंतर गिअरबॉक्सला त्यांनी एकट्यानं हात लावला नाही.

आमची गाडी नीट झाली, पण सुनंदाचा पाय ब्रेकवरून उठेना. मिस्तरींनी तिला समजावलं नाही. चार दिवस रोज सकाळी साडेसहाला ते स्कूटरवरून आमच्या दारात आले आणि उताराकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून भर रस्त्यात उभे राहिले. मागून गाडी निघून जाईपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सुनंदाच म्हणाली, “उद्यापासून नका येऊ. लोक बघतात.”

यंदा दिवाळीनंतर त्यांना छातीचं दुखणं झालं. आता घरीच ठेवा म्हणून दवाखान्यानं पाठवलंय, एवढंच त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. आम्ही भेटायला गेलो. गल्ली अरुंद होती. सुनंदानं मला दाराशी उतरवलं आणि ती दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत गाडी घालू लागली. मिस्तरी खाटेवर डोळे मिटून पडले होते. अंगावरचं मांस झडलं होतं. मी शेजारी बसून विचारलं, “कसं वाटतंय?” त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं.

खिडकीबाहेर गाडी मागे आली, थांबली, पुढे गेली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. इतक्या लहान जागेत तिला पाच-सहा वेळा गिअर बदलावा लागला. त्यांच्या कपाळावर आठी होती, आणि इंजिन बंद होईपर्यंत ते बोट तसंच वर राहिलं. मग हात चादरीवर आला.

“आता बोला, सर,” ते म्हणाले.

आम्ही भेटून आल्यावर तेराव्या दिवशी ते गेले. अंत्ययात्रेला जायचं ठरलं तेव्हा मेहुणे आम्हाला न्यायला येतो म्हणाले. सुनंदानं त्यांना नको म्हणून सांगितलं आणि किल्ली घेतली.